एम्बेडेड प्रणालींतील मेमरी कार्ड आणि वीजपुरवठ्यातील आकस्मिक खंड

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या गच्चीवरील हवामान नोंदयंत्र, शेतातील ओलावामापक, ग्रंथालयाच्या दारावरील हजेरीयंत्र किंवा प्रयोगशाळेतील तापमान नियंत्रक ही उपकरणे वरवर भिन्न दिसत असली, तरी त्यांच्या पोटात बहुधा एकच रचना असते : एक छोटा संगणकीय बोर्ड आणि त्यात खोचलेले नखाएवढे मेमरी कार्ड. अशा उपकरणाचा वीजपुरवठा एखाद्या दुपारी खंडित होतो व काही मिनिटांनी पूर्ववत होतो. उपकरण मात्र पुन्हा सुरू होत नाही. कार्ड काढून संगणकात घातले असता ते फॉरमॅट करावयाचे आहे काय, एवढाच प्रश्न पडद्यावर उमटतो. कार्ड नवे आणता येते. परंतु होऊन गेलेला पावसाळा पुन्हा मोजता येत नाही.

‘कार्ड खराब निघाले’ असे निदान करून दुसरे कार्ड बसविले जाते आणि काही आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. हे निदान सर्वस्वी चुकीचे नसले तरी अपुरे आहे. वीज जाण्याच्या क्षणी कार्डाच्या आत नेमके काय चालले होते, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आणि त्यातून निघणाऱ्या उपायांचा विचार केला आहे. प्रचलित उपाय बहुतांशी फाइल प्रणालीच्या पातळीवर योजले जातात. वस्तुतः धोक्याचे मूळ त्याखालच्या, म्हणजे कार्डाच्या आतील पातळीवर आहे, आणि तेथपर्यंत संगणकाचा हात पोहोचत नाही.

येथे थोडा इतिहास उपयुक्त ठरतो. एसडी कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून पुढे आणले. डिजिटल कॅमेरा, संगीतवादक यांसारखी बॅटरीवर चालणारी उपकरणे हे त्याचे स्वाभाविक घर होते. बॅटरी उतरत आली की असे उपकरण आधी सूचना देते, चालू लेखन पूर्ण करते आणि मग बंद पडते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय हा बोर्ड बाजारात आला तेव्हा त्याने हेच कार्ड चोवीस तास चालणाऱ्या यंत्राची मुख्य डिस्क म्हणून वापरले. या मालिकेतील सुरुवातीच्या बोर्डांना बंद करण्याची कळही नव्हती. ती २०२३ मधील रास्पबेरी पाय ५ वर आली. साहजिकच प्लग उपटणे हीच यंत्र बंद करण्याची रीत अनेक ठिकाणी रूढ झाली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने २००० च्या दशकात दीर्घ भारनियमन सोसले. ते पुढे ओसरले, तरी कृषिपंपांच्या वाहिन्यांवर वीज ठरावीक तासांपुरती असणे आणि पावसाळ्यात ती मिनिटामिनिटाला जाऊन येणे हे नित्याचेच आहे. कॅमेऱ्यासाठी घडविलेली वस्तू अशा वाहिनीवर आणून बसविली की काय होईल, याचा विचार प्रकल्पाच्या आरंभीच करावा लागतो.

कार्डाच्या आत

मेमरी कार्डात नँड फ्लॅश ही स्मृती असते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली ही स्मृती १९८७ मध्ये जाहीर झाली. तिचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. या स्मृतीत लेखन ‘पाना’च्या मापाने होते; एक पान साधारणतः ४ ते १६ किलोबाइटचे असते. लिहिलेल्या पानावर मात्र पुन्हा लिहिता येत नाही. ते आधी पुसावे लागते, आणि पुसणे पानापानाने होत नाही. शेकडो पानांचा अख्खा खंड एकदम पुसावा लागतो. पाटीवरील एक अक्षर बदलण्यासाठी संपूर्ण पाटी धुवावी लागावी, तसा हा प्रकार आहे.

संगणकाला या अडचणीची वार्ताही नसते. त्याच्या लेखी कार्ड म्हणजे ५१२ बाइटच्या क्रमांकित कप्प्यांची रांग. हा भास निर्माण करण्याचे काम कार्डातील एक स्वतंत्र नियंत्रक करतो. एखाद्या कप्प्यात नवा मजकूर आला की नियंत्रक तो दुसऱ्याच कोऱ्या पानावर लिहितो आणि ‘अमुक क्रमांकाचा कप्पा आता तमुक पानावर आहे’ अशी नोंद आपल्या सारणीत करतो. कोरी पाने संपत आली की जुन्या खंडांतील जिवंत पाने उचलून एकत्र करणे आणि रिकामे खंड पुसणे, ही आवराआवरही तोच करतो. म्हणजे ५१२ बाइटच्या एका क्षुल्लक नोंदीमुळे आत कित्येक किलोबाइटची, प्रसंगी कित्येक मेगाबाइटची हलवाहलव होऊ शकते. एक पान लिहिण्यास काही शे मायक्रोसेकंदांपासून काही मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, खंड पुसण्यास काही मिलिसेकंद. मात्र आवराआवर मध्ये आल्यास कार्ड बराच काळ ‘व्यस्त’ राहते. एसडी मानकानुसार एका लेखनासाठी एसडीएचसी कार्डाकरिता २५० मिलिसेकंद, तर एसडीएक्ससी कार्डाकरिता ५०० मिलिसेकंद इतकी वाट पाहण्याची तयारी संगणकाने ठेवावयाची असते. हे दोन आकडे पुढील विवेचनात पुन्हा लागणार आहेत.

या कालावधीत वीज गेली तर तीन प्रकारची हानी संभवते. पहिली सरळ आहे : लिहिले जात असलेले पान अर्धवट राहते. दुसरी सारणीची. सारणी स्वतःही फ्लॅशवरच साठविलेली असते. ती अद्ययावत होताना तुटली, तर मजकूर पानांवर शाबूत असूनही कोणते पान कोणत्या कप्प्याचे, याचा पत्ता हरवतो. ग्रंथालयातील पुस्तके जागच्या जागी असावीत आणि तालिका जळून जावी, तशी ही अवस्था होय. कार्ड मुळीच ओळखले न जाणे किंवा त्याची क्षमता शून्य दिसणे, याच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

तिसरा प्रकार सर्वांत अनपेक्षित आहे. आजच्या फ्लॅशमध्ये एका पेशीत एकाहून अधिक बिट साठवितात. दोन बिटांच्या पेशीत विद्युतभाराच्या चार पातळ्या असतात आणि तिचे दोन बिट दोन वेगवेगळ्या पानांत मोडतात. पहिले पान आधी लिहून झालेले असते. नंतर कधीतरी दुसरे लिहिताना त्याच पेशींतील भार पुन्हा हलविला जातो. ही दुसरी क्रिया मध्येच तुटली की पूर्वी सुखरूप लिहिलेले, संगणकाच्या दृष्टीने कधीच पूर्ण झालेले पहिले पानही बिघडते. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये फ्लॅश चिपांचा पुरवठा नेमक्या क्षणी तोडून हा परिणाम प्रत्यक्ष मोजला. पुढे २०१३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्स यांच्या संशोधकांनी पंधरा एसएसडी डिस्कवर अशाच चाचण्या केल्या. त्यांपैकी तेरांनी वीजखंडात अनपेक्षित वर्तन केले. अर्धवट लेखन, क्रम बिघडलेले लेखन, सारणीची हानी, इतकेच नव्हे तर डिस्क कायमची निकामी होणे, असे सर्व नमुने त्यांत आढळले. त्या डिस्क होत्या, कार्डे नव्हेत. परंतु डिस्कहून कितीतरी स्वस्त आणि साध्या नियंत्रकावर चालणाऱ्या कार्डाकडून अधिक चांगल्या वर्तनाची अपेक्षा करण्यास कोणताही आधार नाही.

रोजकीर्दीचे संरक्षण आणि त्याची मर्यादा

फाइल प्रणाली म्हणजे कप्प्यांच्या रांगेवर उभारलेली फाइलींची व्यवस्था. बाजारातील कार्डांवर सहसा येणारी फॅट ही प्रणाली जुनी व साधी आहे. एखादी फाइल वाढते तेव्हा तिचा मजकूर, वाटपाचा तक्ता आणि निर्देशिकेतील लांबीची नोंद असे तीन बदल तीन वेगळ्या ठिकाणी होतात. मध्येच वीज गेली तर त्यांचा मेळ राहत नाही. आर्डुइनोसारख्या बोर्डांवर विद्यार्थ्यांना वारंवार दिसणारी ‘शून्य लांबीची फाइल’ याच प्रकारची आहे. मजकूर कार्डावर गेलेला असतो, लांबीची नोंद मात्र फाइल बंद केल्यावर किंवा ‘फ्लश’ ही आज्ञा दिल्यावरच होते, आणि ती आज्ञा दिलेलीच नसते.

लिनक्समधील एक्स्ट-३ (२००१) आणि त्यानंतरची एक्स्ट-४ (२००८ मध्ये स्थिर घोषित) या प्रणालींनी यावर जो उपाय केला, तो वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना तत्काळ ओळखू येईल. व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवावा, मग सवडीने खतावणी करावी. खतावणी करताना दिवा गेला तरी रोजकीर्द पाहून ती पुन्हा करता येते, आणि रोजकीर्दीतील अपुरी नोंद सोडून देता येते. उपाय उत्तमच आहे. परंतु नेहमीच्या मांडणीत ही रोजकीर्द फाइलींच्या रचनेची असते, मजकुराची नव्हे. रचना शाबूत राहून ताजा मजकूर नाहीसा होणे पूर्णपणे शक्य असते. रचनेतील बदल रोजकीर्दीत साधारणतः दर ५ सेकंदांनी पक्के होतात, तर मजकूर संगणकाच्या स्मृतीत ३० सेकंदांपर्यंत रेंगाळू शकतो. म्हणून महत्त्वाची नोंद लिहिल्यावर ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यावी लागते. एखादी लहान फाइल बदलावयाची असल्यास नवा मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहून, एफसिंक करून, मग तिला मूळ नाव द्यावे, ही जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे.

यापलीकडे एक अडचण उरते. रोजकीर्दीची सगळी भिस्त दोन गृहीतांवर आहे : डिस्कने ‘लिहिले’ असे कळविले म्हणजे ते लिहिले गेले आहे, आणि ज्या कप्प्याला हात लावला नाही तो जसाच्या तसा आहे. मागील भागात पाहिलेली जोडपानांची हानी दुसरे गृहीत मोडते. सारणी हरवली तर रोजकीर्दही तिच्याबरोबरच हरवते, कारण तीही त्याच कार्डावर असते. खातेवहीची दुसरी प्रत काळजीपूर्वक ठेवली, पण ती त्याच कपाटात, असा हा प्रकार आहे. अभ्यासक्रमांतून फाइल प्रणालीचे प्रकरण सविस्तर शिकविले जाते आणि कार्डाचा नियंत्रक एका चौकोनात दाखवून सोडला जातो. विद्यार्थ्यांचे प्रकल्प जेथे कोसळतात ती जागा नेमकी त्या चौकोनात आहे.

लेखन कमी करणे

कार्ड वाचले जात असताना वीज गेली तर सहसा काही बिघडत नाही. यावरून पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय निघतो : लिहूच नये. लिनक्सवर चालणाऱ्या नोंदयंत्राच्या कार्डावर होणारे बहुतेक लेखन वापरकर्त्याचे नसतेच. प्रणालीच्या दैनंदिन नोंदी, अदलाबदलीची जागा, कार्यक्रमांच्या तात्पुरत्या फाइली यांचा ओघ अहोरात्र चालू असतो. मूळ प्रणाली ‘केवळ वाचनार्थ’ ठेवून तिच्यावर रॅममधील एक पारदर्शक थर अंथरता येतो. २०१४ च्या अखेरीस लिनक्स ३.१८ मध्ये समाविष्ट झालेली ओव्हरले फाइल प्रणाली हेच करते. सर्व बदल वरच्या थरात होतात आणि वीज गेली की विरून जातात. रास्पबेरी पायच्या मांडणीत ही सोय पर्यायसूचीतून निवडता येते.

परंतु नोंदी कोठेतरी ठेवाव्याच लागतात, आणि येथे एक चूक सर्रास होते. एकाच कार्डाचे दोन विभाग पाडून एक वाचनार्थ आणि दुसरा लेखनार्थ ठेवला जातो, आणि पहिला सुरक्षित झाला असे मानले जाते. विभागांच्या सीमा संगणकाला दिसतात. नियंत्रकाला त्यांचे सोयरसुतक नसते. त्याच्या दृष्टीने सगळे कप्पे एकाच सारणीतील आहेत, आणि एका विभागातील लेखनाच्या वेळी बिघडलेली सारणी दुसऱ्या विभागालाही घेऊन बुडते. म्हणून प्रणाली एका कार्डावर आणि नोंदी वेगळ्या माध्यमावर, मग तो साधा पेनड्राइव्ह का असेना, ही विभागणी खरी विभागणी होय. नोंदींचे माध्यम गेले तरी यंत्र निदान सुरू होते, आणि बिघाड झाल्याचे कळवू शकते.

ताज्या नोंदींसाठी फेरोइलेक्ट्रिक रॅम हा दुर्लक्षित पण अतिशय उपयुक्त पर्याय आहे. या चिपमध्ये पुसण्याची पायरी नाही, लेखन जवळजवळ तत्काळ होते आणि वीज गेल्यावरही मजकूर टिकतो. क्षमता मात्र लहान. तरीही ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये ३२ बाइटच्या १,०२४ नोंदी मावतात. मिनिटाला एक नोंद घेतली तर त्या सुमारे १७ तास पुरतात. तासातून एकदाच, पुरवठा स्थिर असल्याची खात्री करून, साठलेल्या नोंदी कार्डावर उतरविल्या आणि त्या वाचून पडताळल्यावरच चिपमधून काढल्या, तर लेखनाचे धोक्याचे क्षण दिवसाला १,४४० वरून २४ वर येतात.

फॅट वापरणे अपरिहार्य असेल तर नोंदींची फाइल आरंभीच पूर्ण आकाराची करून ठेवावी. मग दैनंदिन लेखनात वाटपाचा तक्ता किंवा निर्देशिका यांना हात लावावा लागत नाही. प्रत्येक नोंदीत तपासणी-बेरीज आणि अनुक्रमांक असावा. सुरू होताना फाइल चाळून शेवटची शुद्ध नोंद शोधता येते. केवळ वेळेवर विसंबू नये, कारण स्वतंत्र घड्याळ नसलेल्या बोर्डांची वेळ वीज परत आल्यावर मागे गेलेली असू शकते.

वीज थोडा वेळ धरून ठेवणे

लेखन कितीही कमी केले तरी ते शून्य होत नाही. उरलेल्या लेखनासाठी एकच मार्ग आहे : वीज जात असल्याचे वेळेत ओळखणे आणि कार्डाचे हातातील काम संपेपर्यंत त्याला वीज पुरविणे. पुरवठा एकाएकी तुटण्यापेक्षा हळूहळू घसरणे अधिक घातक असते, हे येथे ध्यानात घ्यावे. कार्डाला २.७ ते ३.६ व्होल्ट विद्युतदाब लागतो. दाब या मर्यादेच्या आसपास लडबडत असताना नियंत्रक आणि मुख्य प्रोसेसर दोन्ही अर्धवट शुद्धीत असतात व भलत्याच ठिकाणी लेखन होऊ शकते. म्हणून सूक्ष्मनियंत्रकांतील ‘ब्राउन-आउट’ संरक्षण चालू ठेवणे आवश्यक आहे. आर्डुइनो उनोवरील चिपमध्ये त्यासाठी १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट असे पर्याय मिळतात.

तथापि हे संरक्षण प्रोसेसरला थांबविते, कार्डाला वाचवीत नाही. घट ओळखावयाची ती रेग्युलेटरच्या अलीकडे, म्हणजे १२ किंवा ५ व्होल्टच्या बाजूस, जेथे ती आधी दिसते. किती अवधी मिळेल, याचा हिशेब सोपा आहे. कार्ड व सूक्ष्मनियंत्रक मिळून १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतात आणि कॅपॅसिटरवरील दाब ५ व्होल्टवरून ३.५ व्होल्टपर्यंत उतरू देता येतो, असे मानल्यास १,००० मायक्रोफॅरडचा नेहमीचा कॅपॅसिटर १५ मिलिसेकंद पुरतो. एखादे पान लिहून होण्यास हे भरपूर आहे. म्हणूनच असा कॅपॅसिटर लावलेली मंडले प्रयोगशाळेत बहुधा चालतात. कार्डाने आवराआवर काढली की ती फसतात. एसडीएचसी कार्डाची २५० मिलिसेकंदांची मर्यादा गाठण्यास सुमारे १६,७०० मायक्रोफॅरड, तर एसडीएक्ससी कार्डाच्या ५०० मिलिसेकंदांस सुमारे ३३,३०० मायक्रोफॅरड धारिता लागते. कार्डामागची ऊर्जा इतर भारांकडे, विशेषतः मोटार वा रिले यांच्याकडे, उलट वाहू नये यासाठी मध्ये एक डायोड हवा. तो विसरला की सगळा हिशेब वाया जातो.

पूर्ण लिनक्स चालविणाऱ्या बोर्डासाठी सुपरकॅपॅसिटर लागतात. १० फॅरड, २.७ व्होल्टचे दोन एकसरीत जोडल्यास ५ फॅरड मिळतात. बूस्ट परिवर्तकामागे ते ५ वरून ३ व्होल्टपर्यंत उतरविले तर ४० ज्यूल ऊर्जा हाती येते. परिवर्तकाची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास ३ वॉट घेणारा बोर्ड दहा सेकंदांहून थोडा अधिक चालतो. परिवर्तक न वापरता ५ वरून ४.७ व्होल्टपर्यंतच उतरता आले तर जेमतेम अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रणाली रीतसर बंद होणार नाही. परंतु लेखन थांबवून, एफसिंक करून, फाइल प्रणाली वाचनार्थ करता येते, आणि गरज तेवढीच असते. लिथियम बॅटरी अर्थातच पुष्कळ अधिक वेळ देते. मात्र ४५ अंश सेल्सिअसवर ती चार्ज करणे हितावह नसते, आणि विदर्भातील मे महिन्यात गच्चीवरील बंद डब्यात तापमान त्याहून वर जाते.

बॅटरीचा संच बसविला आणि तो प्रोसेसरला वीज गेल्याची सूचनाच देत नसेल, तर काहीही साधत नाही. उपकरण दोन तास अधिक चालते आणि मग पूर्वीसारखेच अचानक मरते. बाजारातील पुष्कळसे स्वस्त संच या जातीचे आहेत. औद्योगिक दर्जाची कार्डे, पेशीत एकच बिट साठविण्याची पद्धत आणि वीजखंडात सारणी राखण्याची तजवीज यांमुळे, खरोखर अधिक टिकाऊ असतात. मात्र त्यांची किंमत अनेक पटींनी जास्त असते. एसडी मानकात पुढे कार्डाला ‘वीज जाणार आहे’ असे आधी कळविण्याची सोय आली. तिचा उपयोग ज्याला ती बातमी आधी कळली आहे, त्यालाच होणार.

पडताळणी

रचना पूर्ण झाल्यावर ती तपासण्यासाठी एक रिले आणि दुसरा एक सूक्ष्मनियंत्रक पुरतो. उपकरणाचा पुरवठा यादृच्छिक क्षणी तोडावयाचा, पुन्हा जोडावयाचा, आणि अनुक्रमांकित नोंदींपैकी ‘लिहिली’ म्हणून कळविलेली एकही नोंद हरवली नाही ना, तसेच जुन्या नोंदींच्या तपासणी-बेरजा जुळतात ना, हे प्रत्येक वेळी पाहावयाचे. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा हा स्वतंत्र प्रकल्प होऊ शकतो आणि त्याचे आकडे संख्याशास्त्र विभागालाही उपयोगी पडतील. दहा वेळा प्लग काढून पाहिला आणि काही झाले नाही, यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. ३०० खंडांत एकही बिघाड न झाल्यास ९५ टक्के विश्वासपातळीवर एवढेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण सुमारे १ टक्क्याहून अधिक नसावे. ३,००० खंडांनंतर ही मर्यादा हजारात एक इतकी उतरते. मिनिटाला एक खंड घडविल्यास ३,००० खंडांना ५० तास लागतात. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या ठिकाणी वर्षाला ७३० खंड होतात, म्हणजे हजारात एक हे प्रमाणही तेथे फारसे दिलासादायक नाही. यासाठी पुरवठा यादृच्छिक क्षणी तोडण्याबरोबरच काही फेऱ्यांत तो कार्ड ‘व्यस्त’ असतानाच, लेखनाची आज्ञा सुटल्यानंतर एक, पाच, वीस, शंभर मिलिसेकंदांनी तोडावा आणि हे निकाल स्वतंत्र तक्त्यात नोंदवावेत. हीच फेरी एकाच नावाच्या, परंतु वेगवेगळ्या वेळी विकत घेतलेल्या दोन-तीन कार्डांवर करावी. वेष्टन तेच असले तरी आतील नियंत्रक तोच असेल, याची खात्री नसते.